चषक नाही, म्हणून चित्रही नाही?

अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर नगेट्सच्या ॲलेक्स इंग्लिशचं एक रंगवलेलं चित्र पाहून एका गृहस्थांचा पारा चढला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला एकदाही विजेतेपद मिळालं नाही, त्याचं चित्र काढायचं काही कारण नाही. त्याच्या काळात डेन्व्हरला बचाव ठाऊकच नव्हता, म्हणून त्याचे गुण स्वस्तातले. आणि आकडे नोंदवहीत असताना रंग कशाला वाया घालवायचे?

शेवटचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. नोंदवहीत गुण दिसतात, हात दिसत नाहीत.

दुसरा अर्धा खरा आहे. १९८१-८२ च्या मोसमात नगेट्सनी सामन्यामागे सरासरी १२६.५ गुण केले आणि १२६ दिलेही. पण इंग्लिशने त्या मोसमापासून सलग आठ मोसम दरवेळी दोन हजार किंवा त्याहून जास्त गुण केले. १९८० च्या दशकात त्याच्याइतके गुण लीगमध्ये कुणाचेच नाहीत. इतकी स्वस्ताई होती, तर बाकीच्यांनी का नाही लुटली?

आता विजेतेपद. या एका शब्दाने मला वर्षानुवर्षं छळलं आहे. बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात, बाकावर आणखी बसतात, पण विजेत्यांना मिळणारी अंगठी मोजायची एकाच्या बोटात! १९८५ साली नगेट्स पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचले. समोर मॅजिक जॉन्सन आणि करीम अब्दुल-जब्बारचा लेकर्स संघ, पुढे त्या वर्षीचा विजेता ठरलेला. त्या बाद फेरीत इंग्लिश सामन्यामागे तीस गुण काढत होता आणि चौथ्या सामन्यात त्याचा अंगठा मोडला. अंगठी नाही हे ज्यांना पाठ आहे, त्यांना अंगठा आठवत नाही. क्रिकेटमध्येही हेच चालतं. रणजीत शेकड्यांनी बळी घेतलेल्या फिरकी गोलंदाजाला कसोटीची टोपी मिळाली नाही, की त्याच्या थोरवीपुढे ‘पण’ लागतो. निवड त्याच्या हातात होती का, हे कुणी विचारत नाही.

जिंकणाऱ्यांना चित्रकार मिळतोच. लेकर्सच्या मालकाने अर्नी बार्न्सकडून आपल्या संघाचं ‘फास्ट ब्रेक’ काढवून घेतलं, आणि ते सुंदरच आहे. इंग्लिश मात्र १९९६ मध्ये लीगने निवडलेल्या पन्नास थोरांत नव्हता, २०२१ च्या वाढवलेल्या यादीतही नाही. याद्या करणारे विसरले, म्हणून कुंचल्यानेही विसरायचं?

माझी बाजू एवढीच, की ते चित्र नीट पाहा. छातीवर इंद्रधनुष्याचे पट्टे, बर्फाचा डोंगर, शहराच्या इमारती. आजच्या गणवेशांशेजारी तो अंगरखा जत्रेतल्या पताकेसारखा दिसतो, आणि तो काळ तसाच होता: चेंडू कुणी धरून ठेवायचा नाही, ठरलेली चाल नाही, सतत धाव. त्या धावपळीत हा सडपातळ, लांब हातांचा माणूस शांत उभा. हा कविता लिहायचा, हे चेहऱ्याकडे पाहून पटतं. चेंडू डोक्याच्याही वर, हात जवळजवळ ताठ, मनगट मागे वळलेलं. अडवणारा उडी मारून खाली यायला लागला आहे. चेंडू अजून सुटलेला नाही.