फुजी नव्हे, फुजीई : वर्ध्याने बुजवलेल्या एका विहिरीविषयी

(थ्रेड)

१/ वर्ध्यात गोपुरीला, गीताई मंदिराच्या आवारात पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप उभा आहे. तो १९९३ सालचा. त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा खाली बहुधा एक ओळ असते : ‘फुजी गुरुजींचा स्तूप’. मग कुणीतरी हौसेने बर्फाच्छादित फुजी पर्वताचे चित्र जोडतो आणि शंभरजण त्याला हात जोडतात. माझा आक्षेप या पर्वताला आहे. त्या भिक्षूंचे आडनाव फुजीई होते आणि त्याचा त्या पर्वताशी काडीचाही संबंध नाही.

२/ ‘एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न येणारच. हॉस्पिटलचे इस्पितळ करणारी आपली जीभ परकी नावे आपल्या वळणावर नेणारच, आणि त्यात पाप नाही. आश्रमातल्या वृद्धांनी प्रेमाने ‘फुजी गुरुजी’ म्हटले असेल, तर त्यांना दुरुस्त करायला मी जाणार नाही. माझी तक्रार लिहिणाऱ्यांविषयी आहे. उच्चारात गळलेले अक्षर लेखनातही गळू द्यायचे आणि रिकाम्या जागी सोयीचा अर्थ बसवायचा, ही इतिहासाची शुद्ध हेळसांड आहे.

३/ आधी नाव नीट पाहू. जपानी लिपीत ‘फुजीई’ दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबणारी एक वेल, दुसऱ्याचा अर्थ विहीर. वेलीजवळची विहीर म्हणजे फुजीई. शेवटचा सुटा ‘ई’ हीच ती विहीर. पर्वताचे ‘फुजी’ सर्वस्वी वेगळ्या चिन्हांनी लिहितात. तेव्हा ‘फुजीई’चे ‘फुजी’ करताना आपण अक्षर गाळतो आणि विहीर बुजवतो. दरवर्षी उन्हाळ्यात पाण्यासाठी आभाळाकडे पाहणाऱ्या जिल्ह्याने तरी असे करू नये.

४/ कानाला सारख्या लागणाऱ्या नावांची गंमत पाहा. फोटो स्टुडिओच्या पाटीवर दिसणारी फुजीफिल्म कंपनी १९३४ ची, आणि तिचे नाव पर्वतावरून. फळवाल्याकडचे फुजी सफरचंद मात्र आओमोरी प्रांतातील फुजिसाकी या गावावरून ओळखले जाते. फुजित्सू या संगणक कंपनीच्या नावातला ‘फुजी’ तर तिसराच. १९२३ साली फुरुकावा आणि सीमेन्स या दोन उद्योगांनी मिळून फुजी इलेक्ट्रिक काढली, तेव्हा पहिल्याचा ‘फु’ आणि दुसऱ्याच्या जपानी उच्चारातला ‘जी’ जोडला गेला. उच्चार एक, कुळे तीन. कानावर विश्वासून इतिहास लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

५/ फुजीई हे जपानमधले एक सर्वसामान्य आडनाव. १८७५ साली तिथल्या शासनाने प्रत्येक नागरिकाला आडनाव लावणे सक्तीचे केले. त्यापूर्वी सामान्य रयतेला अधिकृत आडनाव नव्हते. कागदोपत्री नोंदलेली बरीचशी आडनावे ओढा, शेत, डोंगर, झाड, विहीर यांवरून आलेली आहेत. आपल्याकडचे वडनेरकर किंवा पिंपळे आठवावेत. गाव आणि झाड माणसाला चिकटते, ही रीत जगभर सारखीच आहे.

६/ तेच नाव माणसांना, गावांना आणि देवळांनाही. बुद्धिबळासारख्या शोगी या खेळातले आठही प्रमुख किताब २०२३ मध्ये एकाच वेळी धारण करणारा तरुण फुजीई सोता. आपल्याकडच्या मुलांच्या फोनवरही वाजणारा गायक फुजीई काझे. ओसाका प्रांतात फुजीइदेरा नावाचे शहर आहे आणि शिकोकू बेटावरील ८८ देवळांच्या यात्रेतील अकरावे देऊळही फुजीइदेराच. मौज अशी की, ओसाकाच्या शहराला ज्या प्राचीन देवळावरून नाव मिळाले, त्या देवळाचे नाव वेगळ्या चिन्हांनी लिहितात. म्हणजे जपानी माणूससुद्धा केवळ आवाजावर भरवसा ठेवत नाही. तो ‘कोणते फुजीई?’ असे विचारतो. आपण एवढेही विचारत नाही.

७/ आता आपले फुजीई. जपानी रीतीने फुजीई निचिदात्सू, म्हणजे आडनाव आधी, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे. ‘निचिदात्सू’ हे भिक्षूचे नाव. ‘गुरुजी’ ही उपाधी गांधीजींच्या सहवासातली. मराठी कानाला ‘गुरुजी’ म्हणताच साने गुरुजी आठवतात, शाळामास्तर आठवतात, नाहीतर पूजा सांगणारे भटजी. त्यामुळे ‘फुजी गुरुजी’ असे एक गोड, निरुपद्रवी पात्र आपल्या मनात तयार होते : पर्वतासारखे शुभ्र, आजोबांसारखे हसरे. खरा माणूस याहून कितीतरी अवघड होता.

८/ एक उपरोध नोंदवतो. ज्यांना पर्वत हवाच आहे, त्यांच्यासाठी तो आहे, पण वेगळ्या जागी. त्यांनी स्थापन केलेल्या संघाचे नाव निप्पोनझान म्योहोजी. ‘निप्पोन’ म्हणजे जपान, ‘झान’ म्हणजे पर्वत, ‘म्योहोजी’ म्हणजे सद्धर्माचे देऊळ. देवळाच्या नावाआधी पर्वताचे नाव लावण्याची ती जुनी बौद्ध प्रथा. म्हणजे पर्वत संस्थेच्या नावात होता आणि आपण तो माणसाच्या आडनावावर नेऊन ठेवला.

९/ फुजीई यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा, क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतातला. त्यांच्या संघाचे पहिले देऊळ उभे राहिले १९१८ मध्ये, आणि तेही जपानमध्ये नव्हे, मांचुरियातील ल्याओयांग येथे. १९०५ च्या रशिया-जपान युद्धानंतर याच प्रदेशात जपानची रेल्वे, लष्कर आणि व्यापार पसरत होता. धर्मप्रसार आणि साम्राज्यविस्तार तिथे एकाच वाटेने चालत होते. हा तपशील आपल्या गोड पात्रात बसत नाही, म्हणून तो सहसा सांगितला जात नाही.

१०/ तेराव्या शतकातील आचार्य निचिरेन यांची अशी श्रद्धा होती की पूर्वेकडे आलेला धर्म एक दिवस पश्चिमेला, आपल्या मायभूमीला परत जाईल. ते ऋण फेडण्यासाठी फुजीई १९३१ च्या आरंभी कलकत्त्यात उतरले. हातात पंख्याच्या आकाराचे चर्मवाद्य, मुखी एकच मंत्र. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानी सैन्याने मांचुरिया गिळायला सुरुवात केली. एक जपानी भिक्षू बुद्धाच्या देशात मंत्र म्हणत हिंडत होता आणि त्याच्या देशाचे सैन्य शेजारच्या बौद्ध परंपरेच्या देशात शिरत होते. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय वर्ध्याची भेट कळत नाही.

११/ ती भेट ऑक्टोबर १९३३ ची. गांधीजी तेव्हा वर्ध्यात मुक्कामाला होते. सेगाव अजून यायचे होते. या भेटीनंतर फुजीई आणि त्यांचे सहकारी भिक्षू यांचा आश्रमाशी संबंध जुळला, आणि त्यांचा मंत्र हळूहळू आश्रमाच्या प्रार्थनेत जाऊन बसला. आजही सेवाग्रामच्या प्रार्थनेचा आरंभ ऐकणाऱ्याला ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हे शब्द कानी पडतात. कित्येकांना ते केवळ नादमधुर अक्षरे वाटतात.

१२/ तीही अक्षरे उकलून पाहू. ‘नमु’ हे आपल्या ‘नमः’चेच रूप. ‘म्योहो’ म्हणजे सद्धर्म, ‘रेंगे’ म्हणजे कमळ, ‘क्यो’ म्हणजे सूत्र. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार, एवढाच त्याचा अर्थ. संस्कृतातले हे सूत्र कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये चिनी भाषेत आणले, तिथून ते जपानला गेले आणि दीड हजार वर्षांनी डफासारख्या वाद्याच्या तालावर वर्ध्याला परतले. घरचे माणूस परदेशाहून आले आणि आपण त्याला ओळखले नाही, असा हा प्रकार. अर्थ विचारला असता, तर ओळख पटली असती.

१३/ गांधीजी मात्र विचारत होते. १९३८ च्या अखेरीस ताकाओका नावाचे जपानी संसदसदस्य त्यांना भेटायला आले. (ताकाओका हेही गावाचे नाव, तोयामा प्रांतात त्या नावाचे शहर आहे.) आशिया आशियावासीयांचा, या घोषणेला पाठिंबा मिळेल, अशी पाहुण्यांची अपेक्षा असावी. गांधीजींनी स्पष्ट सांगितले की युरोपविरोधी आघाडी असा तिचा अर्थ असेल, तर ती मला मान्य नाही. पाहुणचार वेगळा, सहमती वेगळी. आपण आज जपानी पाहुणा दिसला की दोन्ही एकदमच देऊन टाकतो.

१४/ याचा कळस म्हणजे जुलै १९४२ चे पत्र. सेवाग्रामहून गांधीजींनी प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून ते लिहिले आणि २६ जुलैच्या ‘हरिजन’मध्ये ते प्रसिद्ध झाले. चीनवरच्या आक्रमणाचा त्यात निखालस निषेध आहे. आणि त्याच पत्रात एका जपानी भिक्षूची हळवी आठवण आहे : आश्रमात रमलेला, कामात चोख, सदा प्रसन्न. जपानने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारल्यावर त्याला आश्रमातून नेण्यात आले. मागे राहिली त्याची प्रार्थना आणि त्याचे छोटे वाद्य. त्याच्याच तालावर आश्रमाची प्रार्थना सुरू होत राहिली.

१५/ इथे आपली हेळसांड अक्षम्य ठरते. त्या पत्रातला भिक्षू म्हणजे फुजीई नव्हेत. युद्धकाळात ते जपानमध्ये होते. पत्रात त्या तरुणाचे नावही नाही. पण ‘वर्ध्यातला जपानी भिक्षू’ म्हटले की आपण एकाच नावाचा शिक्का मारतो, आणि ज्याला पोलिसांनी उचलून नेले त्याचा त्याग ज्यांचा पुतळा-फोटो उपलब्ध आहे त्यांच्या खात्यावर जमा करतो. नाव चुकवल्याने केवळ एका थोर माणसावर अन्याय होत नाही. त्याच्या सावलीत उभा असलेला निनावी माणूस कायमचा पुसला जातो.

१६/ मग ६ ऑगस्ट १९४५ आला. हिरोशिमा जळाले, त्या दिवशी फुजीई यांना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यापुढची चाळीस वर्षे त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध आणि शस्त्रमात्राविरुद्ध घालवली. १९५४ मध्ये कुमामोतोतील हानाओका टेकडीवर शांतिस्तूप, १९६९ मध्ये राजगीर, पुढे ओरिसातील धौली, आणि त्यांच्या पश्चात लेह व वर्धा. १९७८ चा जवाहरलाल नेहरू आंतरराष्ट्रीय सामंजस्य पुरस्कार त्यांना मिळाला. ९ जानेवारी १९८५ रोजी, शंभरीच्या उंबरठ्यावर त्यांचे देहावसान झाले.

१७/ युद्धापूर्वी त्यांच्या संघाची जपानी लष्कराशी असलेली जवळीक अभ्यासकांनी चर्चिली आहे. काहींना हे वाचून त्रास होईल. ‘संतांविषयी असे बोलू नये’ म्हणतील. माझे मत उलटे आहे. जो माणूस जन्मतःच शांतिदूत होता, त्याच्यापासून शिकण्यासारखे काही नाही. आपल्या राष्ट्राच्या विजययात्रेत चालून आलेला भिक्षू विनाशानंतर दिशा बदलतो आणि अखेरपर्यंत त्या दिशेवर टिकतो, हे कठीण आहे, आणि म्हणूनच अनुकरणीय आहे. पर्वत दिशा बदलत नाही. माणूस बदलतो. त्याला पर्वत करून आपण त्याची हीच थोरवी हिरावून घेतो.

१८/ ‘नावाने काय फरक पडतो’ असे निदान वर्धेकराने म्हणू नये. गांधीजी १९३६ मध्ये ज्या खेड्यात राहायला गेले, ते सेगाव. त्यांची टपाले बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागली, कारण ते रेल्वेमार्गावरचे प्रसिद्ध गाव. हा घोळ मिटवण्यासाठी १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. एका ‘स’ आणि ‘श’च्या फरकाने पत्रे दुसऱ्या जिल्ह्यात जातात, हे ज्या गावाने अनुभवले, त्या गावाच्या पाहुण्याचे नाव आपण अर्धशतक चुकीच्या पत्त्यावर पाठवत आहोत.

१९/ मागणी मोठी नाही. फलकांवर, पुस्तिकांत, शाळेच्या सहलीच्या माहितीपत्रकांत ‘फुजीई’ असे लिहावे. पर्वताचे चित्र काढून टाकावे. प्रार्थनेतल्या मंत्राचा अर्थ एका ओळीत द्यावा. आणि १९४२ च्या पत्रातील त्या निनावी भिक्षूसाठी वेगळे वाक्य असावे, फुजीई यांच्या वाक्यात मिसळलेले नसावे. बोलताना कुणी ‘फुजी गुरुजी’ म्हणाले तर हसून ऐकावे; लिहिताना मात्र तो शेवटचा ‘ई’ लिहावा.

२०/ पुढच्या वेळी गोपुरीला गेलात तर एक करा. गीताई मंदिराच्या छप्पर नसलेल्या प्रांगणातून, विनोबांचे अठरा अध्याय कोरलेल्या शिलांजवळून स्तूपाकडे चालत जा. सोबतच्या मुलाने विचारले की हा कुणी बांधला, तर सांगा : वेलीजवळच्या विहिरीच्या नावाचा एक माणूस होता, त्याच्या शिष्यांनी. मग तो विचारेल, कोणती विहीर? तिथून खरी गोष्ट सांगायला सुरुवात करता येईल.

(समाप्त)