चिपच्या पोटातली फट आवाजाने कशी सापडते?

आसाममधल्या जागीरोडच्या टाटा चिप पॅकेजिंग प्रकल्पाची बातमी आली की २७,००० कोटींचा आकडा ठळक असतो. मला प्रश्न वेगळाच पडतो: तिथल्या चिपच्या आत फट राहिली, तर पकडणार कशी?

पॅकेजिंग म्हणजे सिलिकॉनचा नाजूक तुकडा आवरणात बंद करणं. थर नीट चिकटले नाहीत तर मध्ये बारीक फट राहते. तरी चिप टेस्टमध्ये पास होऊ शकते! मग बोर्डवर सोल्डर करताना तापमान २४०-२६० अंशांवर जातं, आत शिरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि पॅकेज तडकतं. इंजिनिअर याला चक्क 'पॉपकॉर्न' म्हणतात.

एक्स-रेमध्ये सोल्डरमधले बुडबुडे दिसतात, पण इतकी पातळ फट सहसा निसटते. ध्वनीचं उलटं आहे. घन पदार्थातून तो आरामात जातो, हवा लागली की जवळपास सगळाच मागे फिरतो. म्हणून चिप पाण्यात ठेवून अल्ट्रासाऊंड सोडतात (कोरडी ठेवली तर बाहेरची हवाच त्याला अडवेल) आणि प्रतिध्वनीवरून चित्र काढतात. सोनोग्राफीच ही, फक्त फ्रिक्वेन्सी कधीकधी २०० मेगाहर्ट्झच्याही पुढे. ती वाढवली की बारकावे दिसतात, पण ध्वनी खोल पोचत नाही.

शिवाय स्कॅनिंगला वेळ लागतो, त्यामुळे बऱ्याचदा नमुनेच तपासतात. फोनसाठी हे चालून जाईल. कारच्या ब्रेकमधल्या चिपला? किती चिप तपासायच्या हा शेवटी खर्चाचा निर्णय असतो, आणि बातम्यांत नेमका तोच नसतो.