सांध्यावर घसरणारी गाडी

खेळण्यातील आगगाडी सरळ रुळावर सुरळीत धावते, वळणही घेते. मात्र एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा आला की तिचा एखादा डबा हमखास आडवा होतो. ज्यांच्या घरी असे घडत असेल, त्या वाचकांसाठी या खेपेचे हे चार शब्द.

चंडीमंदिरला आमच्या शेजारच्या घरी फळीवर असा रूळमार्ग मांडलेला आहे. मुलाच्या वडिलांनी गेल्या रजेत तो जोडून दिला व ते पलटणीत परतले. आता ते चार दिवसांत पुन्हा यावयाचे होते, आणि तिसरा डबा दर खेपेस सांध्यावर घसरत होता. "काका, इंजिनच बिघडलंय," असे सांगताना मुलाचा चेहरा रडवेला झाला. बाबांनी दिलेली वस्तू आपल्या हातून बिघडली, असे त्याच्या मनाने घेतले होते.

आम्ही प्रथम इंजिनच बाजूला ठेवले. धावती गाडी घसरलेली दिसते. का घसरली ते दिसत नाही. म्हणून डबा बोटाने हळूहळू ढकलावा व कोणते चाक कोठे उचलले जाते ते पाहावे. चाक सांध्याच्या तोंडाशीच चढले, तर तेथील हलणारी टोकदार पट्टी शेजारच्या रुळाला नीट टेकत नाही असे समजावे. बहुधा वाळूचा कण किंवा सतरंजीचा धागा अडकलेला असतो. तो चिमट्याने काढावा. तेल मात्र सोडू नये. त्यावर धूळ बसते.

आमचा डबा तेथून सुखरूप गेला. पुढे, जेथे रूळ एकमेकांस छेदतात, तेथे तो उडाला. त्या ठिकाणी चाकाची कड जाण्यासाठी फट असते आणि समोरच्या रुळालगत एक आखूड रूळ असतो. तो चाकाला आतल्या अंगाने धरून ठेवतो, म्हणजे जोडीचे चाक फटीपुढील टोकावर आदळत नाही. चाके फार लांब असली तर ती टोकावर आदळतात. फार जवळ असली तर या आखूड रुळावर चढतात. जवळच्याच काल्का स्थानकात १६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग संपतो व १९०३ साली सुरू झालेला सिमल्याचा ७६२ मिलिमीटरचा मार्ग सुरू होतो. दोन्हीकडे नियम हाच. (पुण्यास कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावयास गेलात, तर गाड्यांइतकेच सांधेही पाहावेत.)

आमच्या गाडीच्या रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर होते. अशा मापाच्या चाकांच्या आतल्या बाजूंत सुमारे साडेचौदा मिलिमीटर असावे लागतात. जाड पुठ्ठ्याची तेवढ्याच रुंदीची पट्टी कापून पाहिली, तो ती आत शिरेना. एक चाक कण्यावरून आत सरकले होते. ते फिरवीत, अगदी थोडेथोडे, बाहेर ओढले.

तरीही पाचांत एकदा डबा घसरेच. दुसऱ्या दिवशी सांध्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली, तेव्हा मधोमध उजेड दिसला. खिळा इतका घट्ट ठोकला होता की सांधा तेथे दबून वाकला होता. खिळा थोडा उचलताच गाडी वीस फेऱ्या बिनबोभाट धावली.

खिळा वडिलांनीच ठोकला होता. मुलाच्या ते ध्यानात आले. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "काका, चाकाचं सांगू या. खिळ्याचं नको."