रद्दीत जाऊ नये असा इतिहास

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता आणि लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हे त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांना अभिवादन करताना त्याच काळाच्या एका दुर्लक्षित ठेव्याची आठवण करून द्यावीशी वाटते. तो ठेवा म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा सिनेमा.

तेव्हा पडद्यावरही लढाई चालू होती. १९३० सालीच ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरला खुपले आणि प्रभातला चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून दाखवावा लागला. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये कवी प्रदीप यांनी परक्यांना ललकारताना जर्मनी-जपानची नावे घातली, गाणे सेन्सॉरमधून सुटले. पण इंग्रजांवरचा रोख प्रेक्षकांना बरोबर कळला. १९४७ च्या ‘जुगनू’त दिलीपकुमारसोबत झळकलेल्या नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या. पुढच्याच वर्षी राम गबाले यांचा ‘वंदे मातरम्’ आला, त्यात पु. ल. आणि सुनीताबाई होत्या.

या काळातल्या कितीतरी चित्रपटांच्या रिळा आज नाहीत. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, आणि तीतली चांदी काढण्यासाठीही जुन्या प्रती नष्ट झाल्या. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी पुढे गावोगाव शोध घेऊन रिळा जमवल्या. त्यांच्या हाती लागले तेवढे वाचले.

म्हणूनच संग्राहकांचे वेड आम्हाला थोर वाटते. थिएटरच्या दारात विकली जाणारी गाण्यांची चोपडी, लिथोवर छापलेले पोस्टर, लाखेपासून बनलेली ७८ आरपीएमची तबकडी: हरवलेल्या चित्रपटाचा अनेकदा एवढाच पुरावा उरतो. चोपडीत कथासार असते, नटांची आणि गायकांची नावे असतात, कधी एकाच गाण्याचे शब्द दोन-तीन लिप्यांत असतात. मराठी, गुजराती, हिंदी शेजारी नांदणाऱ्या नंदुरबारला त्याचे अप्रूप वेगळे सांगायला नको. बाजारात अशा वस्तूंना मोल चढले आहे खरे, पण पोस्टरची घडी मोडून ते चौकटीत टांगले, एवढ्याने इतिहास सांभाळला जात नाही.

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या जुन्या घरांतल्या माळ्यांवर, ट्रंकांत असे काही सापडले तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. ते कोणी, कुठून आणले हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.