फारखत कोणी लिहून दिली?

रुग्णालयातून घरी सोडताना हाती पडणारा कागद म्हणजे आजाराने लिहून दिलेली फारखतच, ही जी समजूत आमच्या नाशकात चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही रुजलेली आहे, ती स्वादुपिंडदाहाच्या रोग्याला फार महाग पडते. पंचवटीतील माझे एक स्नेही, कचेरीत आयुष्यभर इतरांच्या मुदती सांभाळलेले गृहस्थ, पित्ताच्या खड्यामुळे उद्भवलेल्या या दुखण्यातून आठ दिवसांत घरी आले; कागद घरपट्टीच्या पावत्यांत गेला आणि प्रकरण दप्तरदाखल झाले.

पूर्वपक्ष असा की, कळ थांबली, रक्तातील लायपेज हे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य उतरले, तेव्हा इंद्रिय पूर्ववत झाले. पण लायपेज उतरल्याने फार तर आग विझल्याचे कळते. वखारीतील माल किती जळाला, याचा पंचनामा त्यात नसतो. मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी 1889 साली कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह जडला, हे ठाऊक असूनही, दोन वर्षांनी स्नेह्यांची साखर वाढली तेव्हा घरच्यांनी बोल लावला तो दिवंगत आजोबांना! वस्तुतः पहिल्या दाहानंतर सुमारे पाचांतील एकाला मधुमेह गाठतो, आणि दाह सौम्य होता एवढ्यावर कोणाची सुटका होत नाही.

हा मद्यप्यांचा रोग, ही कुजबुज द्राक्षांच्या आणि वायनरींच्या या गावात व्हायचीच. मात्र पित्ताचे खडे सोवळ्यातल्या माणसालाही होतात, आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया ‘सवडीने’ करू म्हणणाऱ्यास दुसरा झटका त्या सवडीतच येऊ शकतो.

तपासण्यांचे शुक्लकाष्ठ नको, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. महिनाभराने स्वादुपिंडापाशी दिसणारी पाण्याची गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. त्रास नसता तिला शस्त्र लावू नये. माझे मागणे माफक आहे: तीन महिन्यांनी व पुढे दरवर्षी साखर पाहावी, आणि वजन व शौच यांविषयी रोग्याला स्पष्ट विचारावे. स्नेह्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोके पडली होती. मल तेलकट, तरंगणारा, दोन बादल्यांनीही न वाहणारा. पण ही का चारचौघांत सांगायची गोष्ट, म्हणून ते वर्षभर गप्प राहिले. पाचक रसाच्या कॅप्सूल जेवणाबरोबर सुरू झाल्यावर अंगाला अन्न लागू लागले.

परवा पावत्यांतून तो कागद निघाला. फेरतपासणीपुढे ‘गरज वाटल्यास’ एवढेच लिहिले होते. कोणाला वाटल्यास, ते नव्हते.