भुतांच्या घराचा दुसरा दरवाजा

बँकेत अधिकारी म्हणून आयुष्य गेले की माणसाला एक सवय जडते. कोणतीही योजना समोर आली की प्रथम तिचा उद्देश विचारायचा, मग खर्च, आणि शेवटी ती फसली तर काय, हे पाहायचे. निवृत्तीनंतरही ही सवय सुटत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गेलो होतो. तेथे एके दिवशी शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी येऊन उभे राहिले. वय सत्तरीचे, एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "हॅलोविनसाठी दर वर्षी मी गॅरेजमध्ये भुतांचे घर उभारतो. या वर्षीचा विषय आहे बुडालेली बँक. तुम्ही बँकेतले आहात असे कळले. मला मदत कराल का?"

मी सवयीप्रमाणे उद्देश विचारला. "लोकांनी घाबरावे आणि हसत घरी जावे," ते म्हणाले. खर्च विचारला, तर त्यांनी वही उघडून दाखविली. वर्षाला चारशे डॉलरची मर्यादा, प्रत्येक खिळ्याची नोंद, आणि मागील वर्षीचे कोणते सामान पुन्हा वापरता येईल याची वेगळी यादी. तिसरा प्रश्न मी विचारण्याच्या आतच त्यांनी मला गॅरेजच्या बाजूचा एक लहान दरवाजा दाखविला. "पहिले काम याचे. बाकी सगळे नंतर." त्या दरवाजाकडे मी पुन्हा येईन.

वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी असल्याने हॅलोविन हा शब्द आता आपल्या घरांत नवा राहिलेला नाही. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस. त्याची पूर्वसंध्या म्हणजे ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन. त्याच्या मुळाशी सुगी संपून हिवाळा सुरू होताना केल्टिक लोक पाळत असलेला सावन नावाचा सण आहे, असे मानले जाते. आयर्लंड-स्कॉटलंडात या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तेथील लोक अमेरिकेत आले आणि त्यांना मोठा, मऊ, कोरण्यास सोपा भोपळा मिळाला. कंदमुळाची जागा भोपळ्याने घेतली, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष आवडावी!

पुढे या रात्री पोरांचा धुडगूस इतका वाढला की गावेच उपाय शोधू लागली. मिनेसोटातील अनोका या गावाने १९२० मध्ये मुलांना खोड्यांपासून वळविण्यासाठी सार्वजनिक मिरवणूक काढली. मंदीच्या दशकात अनेक ठिकाणी पालकांनी तळघरांत भयगृहे मांडून मुलांना घरातच गुंतवून ठेवले. म्हणजे घरगुती भुतांचे घर हे मुळात उपद्रवाला वळण देण्याचे साधन होते. आज त्याचा बाजार प्रचंड आहे. २०२३ मध्ये हॅलोविनवरील खर्च १,२२० कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने दिला होता. बारा फुटी सांगाडा तर २०२० मध्ये २९९ डॉलरला बाजारात आला आणि हातोहात संपला.

प्रामाणिकपणे सांगतो, मला हा प्रकार प्रथम रुचला नव्हता. सांगाडे, कवट्या, थडगी दारात मांडून कसला आनंद? मी सूनबाईंना तसे बोलूनही दाखविले. त्या एवढेच म्हणाल्या, "अप्पा, एकदा त्यांचे काम बघून तर या." मी गेलो आणि महिनाभर जातच राहिलो.

भयगृहाचे पहिले सूत्र म्हणजे एकच विषय. सांगाडा, कोळी, चेटकीण, समुद्री चाचा असे हाती लागेल ते मांडले तर ते दुकान होते, गोष्ट होत नाही. या गृहस्थांची गोष्ट मार्च १९३३ ची होती. रूझवेल्ट यांनी ४ मार्चला अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि ६ तारखेला देशातील सर्व बँका बंद ठेवण्याचा आदेश काढला. १३ तारखेपासून सुस्थितीतील बँका क्रमाने उघडू लागल्या. काही कधीच उघडल्या नाहीत. त्यांच्या कथेतील बँक त्या न उघडलेल्यांपैकी होती आणि तेथील कर्मचारी नव्वद वर्षे हिशेब जुळवीत बसले होते.

ते ऐकून मला हसू आले आणि अंगावर काटाही आला. दिवसअखेर रोकड न जुळल्यामुळे रात्री दहापर्यंत बसलेला मी त्यांच्यापेक्षा वेगळा कोठे होतो?

गॅरेज दोन मोटारींचे, अंदाजे वीस फूट लांब-रुंद. त्यात चार बाय आठ फुटांच्या प्लायवूडच्या तक्त्यांना मागून लाकडी चौकट ठोकून भिंती उभ्या केल्या आणि नागमोडी वळणांनी साठ फुटांची वाट काढली. वाट चार फूट रुंद, कारण चाकाच्या खुर्चीतील माणूसही आत यावा, असा त्यांचा आग्रह. प्रत्येक तक्त्यामागे क्रमांक. मोडताना त्याच क्रमाने रचायचे, म्हणजे पुढील वर्षी तेच तक्ते नव्या रंगाने नवी गोष्ट सांगतात. त्यांच्या भिंती अकरा वर्षे जुन्या होत्या. भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील भेद इतका स्पष्ट समजलेला माणूस मी कर्जदारांतही क्वचितच पाहिला असेल.

अंगणातील थडगी इमारतींच्या भिंतीत घालतात त्या घट्ट फोमच्या तक्त्यांची होती. चाकूने कोरायचे, पाण्यात कालवलेला राखाडी रंग द्यायचा आणि खाचांत काळा रंग भरून पुसून घ्यायचा, की दगड हुबेहूब. पहिल्या दालनात गजांच्या खिडकीआड रोखपालाचा सांगाडा. मोटारीच्या वायपरची जुनी मोटर त्याच्या हाताला जोडलेली, त्यामुळे तो अखंड नोटा मोजत राही. दुसऱ्या दालनात व्यवस्थापकाची रिकामी खुर्ची, आणि पाहता पाहता त्या खुर्चीत पारदर्शक माणूस दिसू लागे. ही युक्ती लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेत पेपर या प्राध्यापकांनी १८६२ मध्ये लोकांना दाखविली. मूळ कल्पना डर्क्स नावाच्या अभियंत्याची. प्रेक्षकांपुढे तिरकी काच असते. बाजूला दडलेल्या माणसावर प्रकाश टाकला की त्याचे प्रतिबिंब काचेत उमटते आणि तो खुर्चीत बसल्यासारखा वाटतो; प्रकाश मंदावला की भूत नाहीसे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६९ साली उघडलेल्या भुतांच्या वाड्यातही हेच तत्त्व वापरलेले आहे. आमच्याकडे काचेऐवजी न फुटणारा ॲक्रिलिकचा पत्रा होता, इतकाच फरक.

शेवटचे दालन स्ट्राँगरूमचे. येथे माझे ज्ञान कामी आले. मी सांगितले, तिजोरीला एक किल्ली नसते, दोन असतात, आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यांनी लगेच दुसरे कुलूप रंगविले. जाड खतावण्या, पितळी टोकन, दिवसअखेरची न जुळलेली बेरीज, हे सर्व माझ्या सूचनेवरून आले. धुके करणाऱ्या यंत्रातील वाफ बर्फाच्या पेटीतून सोडली, की ती थंड होऊन जमिनीलगत पसरते, हे मात्र मी त्यांच्याकडून शिकलो.

भीतीचेही शास्त्र असते. सांगाडा समोर ठेवला तर माणूस सावध होतो. म्हणून नजर डावीकडे गुंतवायची आणि खरा धक्का उजवीकडून द्यायचा. पण त्यांचे नियम पक्के होते. कोणालाही हात लावायचा नाही. रक्त दाखवायचे नाही. रडणाऱ्या मुलापुढे मुखवटा ताबडतोब उतरवायचा. भोपळ्यांत मेणबत्ती नाही, विजेचे दिवे. आणि एक बटण असे, की ते दाबताच सर्व आवाज थांबून सर्व दिवे लागावेत.

आता त्या दरवाजाविषयी. न्यू जर्सीतीलच जॅक्सन येथे एका करमणूक उद्यानातील भुतांच्या किल्ल्याला ११ मे १९८४ रोजी आग लागली. आतील फोमने पेट घेतला, धूर कोंडला, वाट सापडली नाही आणि आठ किशोरवयीन मुले दगावली. ती तात्पुरती वास्तू मानली गेल्याने तेथे पाण्याचे फवारे नव्हते, धुराची सूचना देणारी यंत्रेही नव्हती. पुढे अशा वास्तूंचे नियम कडक झाले. शेजारी म्हणाले, "त्या वेळी मी शाळेत शिकवीत होतो. त्याच वयाची मुले माझ्या वर्गात होती." यापलीकडे ते बोलले नाहीत. माझ्या हाती स्क्रू ड्रायव्हर देऊन म्हणाले, "या दरवाजाची कडी काढून टाका. हा दरवाजा आतून ढकलताच उघडला पाहिजे." तो भ्यालेल्यांसाठी मधूनच बाहेर पडण्याचा दरवाजा होता.

मी कडी काढली. बँकांच्या मोठ्या स्ट्राँगरूममध्येही चुकून कोणी अडकला तर त्याला हवा मिळावी, अशी सोय केलेली असते, हे मला आठवले. १९३३ च्या त्या संकटाने अमेरिकेला शिकविलेला धडाही हाच नव्हता काय? १ जानेवारी १९३४ पासून तेथे ठेवींना विमा लागू झाला. आपल्याकडे १९६० मध्ये बँका बुडाल्यावर १९६२ साली ठेव विमा महामंडळ आले. भीती पूर्णपणे घालविता येत नाही. पण भ्यालेल्याला वाट ठेवता येते.

त्या रात्री जेवणानंतर मी हे मोठ्या कौतुकाने चिरंजीवांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अप्पा, तुम्ही वखारीची कडी बाहेरून लावली होती."

मला क्षणभर उलगडा होईना. मग आठवले. सांगलीला आमच्या वडीलबंधूंची आडत पेढी होती. दुकानामागे हळदीच्या पोत्यांची अंधारी वखार. हे तेव्हा आठ वर्षांचे होते आणि तेथे जायला भीत. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाने अंधाराला भिऊन कसे चालेल, म्हणून एकदा त्यांना वजने आणण्यास पाठवून मी बाहेरून कडी लावली. सर्वजण हसत होतो. दहा मिनिटे असतील. मी ती गोष्ट विसरलो होतो. पुढे ती भीती गेली, अशी माझी समजूत होती. ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. "आजही लिफ्ट थांबली की मी प्रथम दाराकडे बघतो," इतकेच म्हणाले.

माझ्याकडे उत्तर नव्हते. "चुकलो," असे मी म्हणालो. ते त्यांना ऐकू गेले की नाही, कळले नाही.

३१ ऑक्टोबर मंगळवारी आला. तेथे त्या दिवशी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. आमच्याकडे सर्वांची जेवणे त्यापूर्वीच आटोपली, आणि साडेसहापासून रांग लागली. पाच-पाच जणांचा गट, दर दीड मिनिटाला एक. म्हणजे तासाला दोनशे माणसे. रोखीच्या खिडकीवर पगाराच्या दिवशीही आम्हाला हे कधी साधले नव्हते! तिकीट नव्हते. प्रवेशद्वाराशी खोका ठेवला होता. ज्याला वाटेल त्याने गरजूंच्या अन्नकोठीसाठी डबाबंद जिन्नस टाकावेत. तीन खोके भरले. मला काम दिले होते बाजूच्या दरवाजाबाहेर हातात दिवा घेऊन उभे राहण्याचे.

त्या रात्री नऊ जण त्या दरवाजाने बाहेर आले. त्यांत सहावी आमची पाच वर्षांची नात. दरवाजा ढकलून ती बाहेर आली, माझा पाय धरला आणि म्हणाली, "आजोबा, मला पुढे नाही जायचं." मी म्हटले, "नको जाऊस." कोणी हसले नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "पुढे काय आहे?" मी सांगितले, तिजोरी आहे, धुके आहे आणि शाळेत शिकवणारे एक आजोबा काळा कोट घालून उभे आहेत. "ते खरे आजोबा आहेत?" "खरे." तिने विचार केला आणि त्या वर्षापुरते तेवढे पुरे, असे ठरविले.

घरी आल्यावर नातवंडांच्या पिशव्यांतील खाऊ निवडण्याचे काम झाले. मऊ, चिवट गोळ्या आणि मार्शमॅलो यांत बहुधा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले जिलेटिन असते. परदेशी मुले असलेल्या घरांनी वेष्टनावरील घटक वाचूनच खाऊ मुलांच्या हाती द्यावा.

नऊ वाजता दिवे लागले. चिरंजीव तक्ते उतरविण्यास मदतीला आले. जाता जाता त्या लहान दरवाजापाशी थांबले, तो एकदा आतून ढकलून पाहिला आणि चौकटीवरील स्क्रूच्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरविले.

"कडी कोणी काढली?"

"मी काढली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलविली आणि तक्त्याचे दुसरे टोक उचलले. आम्ही दोघांनी मिळून तो क्रमांकाप्रमाणे भिंतीला लावून ठेवला.