टोकनआधीचा हिशेब

वन बीएचके घ्यायला येणारा ग्राहक बहुतेक वेळा पहिल्यांदाच घर घेत असतो. व्यवहारातले खाचखळगे त्याला ठाऊक नसतात, तो आपल्यावर विसंबतो. म्हणून टोकन घेण्याआधी पूर्ण खर्च त्याच्या हातात लिहून द्यावा, अशी आमची सर्व एजंट बंधु-भगिनींना कळकळीची विनंती आहे.

पुणे महापालिका हद्दीतला, काम चालू असलेला 40 लाखांचा फ्लॅट घ्या. बँक 80 टक्के देईल, तुम्ही 8 लाखांची तयारी ठेवा, एवढे आपण पहिल्या भेटीत सांगतो. पण मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. नोंदणी 30 हजार. जीएसटी 1 टक्का, 40 हजार. झाले साडेतीन लाख. शिवाय ताब्याच्या वेळचा आगाऊ मेंटेनन्स वेगळाच. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जात धरता येत नाही. मग ग्राहक पर्सनल लोन काढतो, त्याचा हप्ता बँक मोजते आणि गृहकर्जाची पात्रताच खाली येते. तोवर टोकन अडकलेले असते. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, हेही कित्येकांना करार टाइप होताना कळते. तेव्हा कर्जाची कागदपत्रे बदलायला वेळ उरलेला नसतो.

क्षेत्रफळाचेही तसेच. ‘सेलेबल’चा आकडा तोंडी सांगणे आता थांबवूया. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही. एवढ्या लहान घरात हा फरक पलंग आणि कपाट एकत्र मावण्या-न मावण्याचा असतो. साइटवर जाताना टेप न्या.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला भाड्याचे गणित मांडून दाखवा. महिना 13 हजार भाडे धरले तर वर्षाला 1 लाख 56 हजार, म्हणजे किमतीच्या 4 टक्क्यांहूनही कमी. त्यातून मेंटेनन्स आणि रिकामे महिने वजा जातात.

महारेराने 2023 पासून आपल्याला प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. नोंदणीकृत कराराआधी बिल्डरने 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, हे आपण सगळेच त्यात शिकलो. ग्राहकाला मात्र ते चेक लिहून झाल्यावर कळते. हा क्रम आपल्या हातात आहे, तो याच महिन्यापासून बदलूया.